बस्त्याचा ओटा

आमच्या दुकानाला काच नाही, एसी नाही आणि माझ्या आवाजाला आवर नाही. गुलमंडीच्या मागच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे. लग्न होऊन बिडकीनहून या शहरात आले, तेव्हा सासऱ्यांनी थोड्याच दिवसांत मला दुकानाच्या गादीवर बसवलं, कारण माझ्या नवऱ्याला कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, रंग फिका वाटतो, की हे म्हणायचे, हो, फिकाच आहे. गिऱ्हाईक म्हणालं, पलीकडे यापेक्षा चांगलं मिळतं, की हे उठून पलीकडच्या दुकानाचा रस्ता दाखवायचे. असा देवमाणूस घरात बरा, गादीवर नाही. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस पारखण्यात त्यांची चूक झाली नाही, एवढं मी माझ्याच तोंडानं सांगते.

आम्ही बस्त्याचे कापडवाले. ज्यांनी मराठवाड्यातलं लग्न जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, पण खरेदी हा शब्द त्याला फार तोकडा पडतो. नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे, दोन्ही घरचे लोक गाडी करून सकाळी शहरात येतात आणि दिवसभर एकाच दुकानात ठाण मांडतात. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, मामाचं धोतर, आत्याचं लुगडं, भावकीला टोपी-टॉवेल, सगळं तिथंच ठरतं. सोबत धपाटे, भाकरी, ठेचा बांधून आणलेला असतो. दुकानदारानं चहापाणी बघायचं, आणि भांडणंही. कारण बस्त्यात कुणीतरी रुसतंच. कुणी रुसलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं, मानाचं एखादं माणूस घरी राहिलं की काय असं वाटतं.

या रुसण्यासाठी ओटा लागतो. आत गादीवर साड्या निवडणाऱ्या बायका बसतात. म्हातारी माणसं, पोरं, लेकुरवाळ्या बाहेर ओट्यावर. आणि जो रुसला तोही ओट्यावर. आत बसून रुसता येत नाही, समोर साड्या उलगडत असतात आणि मन वळतं. पार रस्त्यावर निघून गेलं तर ते खरंच भांडण होतं. ओट्यावर कसं, पाठ फिरवून बसायचं, पण आतलं सगळं ऐकू येतं. मग घरातलं कुणीतरी येऊन शेजारी टेकतं, गुडघ्याला गुडघा लावतं, हळू आवाजात काहीबाही बोलतं, आणि चहाचा एक कप संपेपर्यंत दोघं उठून आत येतात. आमच्या ओट्यावर कितीतरी लग्नं अशी सावरलीत.

शेजारचं दुकान चाचांचं. तेही बस्त्याचंच, आमच्याइतकंच जुनं. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या चपला आमच्या ओट्यावर येतात असं माझं म्हणणं, आमच्या गिऱ्हाइकांची पोरं त्यांच्या ओट्यावर पाणी सांडतात असं त्यांचं. शेवटी दोन ओट्यांच्या मध्ये लोखंडी कठडा आला. तो कुणी बसवला यावर अजून दोन मतं आहेत आणि माझं मत बरोबर आहे. कठडा आल्यापासून आमचं बोलणं ईद-दिवाळीपुरतं उरलं होतं.

बाजाराचंही काही बरं चाललं नव्हतं. गल्लीत गाड्यांची इतकी दाटी की बस्त्याची जीप आत शिरली तर बाहेर निघताना ड्रायव्हरला घाम फुटायचा. लोक शहराबाहेरच्या मोठ्या शोरूमकडे वळले. तिथं पार्किंग आहे, लिफ्ट आहे, वर जाऊन फोटो काढता येतात. एकेका दुकानाला शटर लागत गेलं. जी उघडी राहिली त्यांनी दर्शनी भागावर पत्रा आणि चकचकीत प्लास्टिकच्या पाट्या चढवल्या, म्हणजे आपणही काही कमी नाही असं वाटावं. आम्हीही चढवल्या. ओट्यावर गुळगुळीत फरशी बसवली, तिच्यावरून पावसात दोन म्हाताऱ्या घसरल्या.

माझा मुलगा चितेगावच्या एका कंपनीत लागलेला. कामाला चोख, पगार वेळेवर, आणि दुकानाचं नाव काढलं की कपाळाला आठी. त्याच्या बोलण्यात ते नेहमी 'तुमचं दुकान' असायचं. तुमच्या दुकानात धूळ लई, तुमच्या दुकानात गाडी लावायची कुठं, तुमचं दुकान किती दिवस ओढणार. मला ते 'तुमचं' फार लागायचं. मी ओरडून बोलणारी बाई, पण यावर कधी ओरडले नाही. काय ओरडणार? ज्या दुकानाच्या गादीवर दुपारी त्याला झोपवून मी तागे मोजले, ते दुकान त्याचं नाही म्हणून ओरडून ते त्याचं झालं असतं का?

त्यानं पडेगावच्या रस्त्याला एक नवा गाळा बघून ठेवला होता. त्याच सुमारास पेपरात येऊ लागलं की महापालिकेत जुना बाजार पुन्हा नांदता करायचा आराखडा होतोय. गाड्या बंद, पायी फिरायचा रस्ता, नवे दिवे, एकसारख्या पाट्या. घरात बैठक बसली. मुलगा म्हणाला, "आराखड्यात दुकान वाचलं तर मी एक शब्द बोलणार नाय. तुटायचं झालं तर मात्र पडेगाव. मग रडायचं नाय." यांनी लगेच मान डोलावली. बाहेरच्या गिऱ्हाइकाला होकार देऊन यांचं पोट भरत नसेल, घरातही तेच. दोघांपुढे मी एकटी पडले आणि हो म्हणून बसले.

मग एक दिवस आराखड्याची माणसं गल्लीत आली. पुढे एक मुलगी होती, डोक्याला टोपी, हातात टेप, चेहऱ्यावर ऊन. बरोबरची माणसं भिंती मोजत होती आणि ती काही दुकानांच्या खांबांवर लाल रंगानं फुली मारत होती. आमच्या खांबावर मारली, चाचांच्या खांबावर मारली, पुढे कासाराच्या दुकानावर मारली. मी तेव्हा आत एका नवरीला शालू दाखवत होते. मुलगी यांना म्हणाली, "काका, खूण केलीय, पुसू नका." हे म्हणाले, "बरं बरं." कशाची खूण, ते विचारायचं या माणसाच्या डोक्यातही आलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मीही विचारलं नसतं. आमच्या बाजारात लाल रंगाचा अर्थ कुणी विचारत नाही.

फार वर्षांपूर्वी पलीकडचा रस्ता रुंद झाला, तेव्हा अशाच लाल खुणा आल्या होत्या. लोक म्हणाले, बघू, अजून वेळ आहे. एका सकाळी जेसीबी आलं आणि पाट्या, पत्रे, सागवानी फळ्या, सगळं एका ढिगात गेलं. ज्यांनी आधीच आपल्या हातानं उतरवून घेतलं होतं त्यांचं तेवढं सामान वाचलं. तेव्हापासून बाजारात सगळे एकच शिकले. लाल दिसलं की हातोडी काढायची, आपलं आपण उतरवायचं, जेसीबीला काही शिल्लक ठेवायचं नाही.

दुपारी चाचा कठड्यापाशी आले. ईद नव्हती, दिवाळी नव्हती, तरी बोलले. "भाभी, लाल लगा दिए. अब क्या देखते? उतारो." मी काही बोलायच्या आत पहिला घाव आमच्याच दुकानावर पडला. हे शिडीवर चढले होते. ज्या माणसानं आयुष्यात गिऱ्हाइकाचा हात सुद्धा झटकला नाही, तो आमच्या दुकानाची पाटी दात-ओठ खाऊन उचकटत होता. मी खालून म्हटलं, "अहो, जरा थांबा तरी." हे म्हणाले, "नाही." लग्नानंतर ऐकलेला यांचा तो पहिला नकार, आणि तो नेमका मला.

संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली ठोकाठोकीनं दणाणून गेली. पत्रे उतरले, प्लास्टिकच्या पाट्या उतरल्या, लोकांनी ओट्यावरच्या फरशासुद्धा पहारीनं उचलून आत रचल्या. मुलगा कंपनीतून सुटून थेट आला. मोटारसायकल लावली, वडिलांच्या हातातली पहार घेतली आणि स्वतः फरशी काढू लागला. म्हणाला, "आई, झालं ना आता? गाळ्याला उद्या हो कळवतो." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी कबूल करते. मी आत जाऊन तागे चादरीत बांधायला घेतले आणि रडले. रडायचं नाही असं ठरलं होतं, पण ते त्याच्यापुढे.

सकाळी दुकान उघडायला गेलो तर गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी. भांडण असेल म्हणून मी पदर खोचून पुढे झाले. भांडण नव्हतं. सगळे वर बघत होते.

पत्र्यामागं कमानी होत्या. काळ्या दगडाचे खांब, वर बारीक विटांची नक्षीदार महिरप, तिच्या पोटात दिवा ठेवायचे छोटे कोनाडे. आमच्या दुकानावर एक, चाचांच्या दुकानावर तशीच दुसरी, पुढे कासाराच्या दुकानावर तिसरी, अशी गल्लीच्या वळणापर्यंत ओळ. कुठं सिमेंट थापलेलं, कुठं खिळ्यांनी विटा फुटलेल्या, पण ओळ अशी की लग्नात सगळ्यांनी एकाच ताग्याचे फेटे बांधलेत. आणि खाली, फरशा निघालेल्या जागी, ओटा. एकच ओटा. आमच्या दुकानापुढून चाचांच्या दुकानापुढे, तिथून पुढं, एका सपाटीत, काळ्या दगडाचा. आमच्या दोघांच्या मध्ये जिथं कठडा रोवला होता तिथंच एक भली थोरली शिळा होती, अर्धी त्यांच्याकडे, अर्धी आमच्याकडे, आणि तिच्या मधोमध तो लोखंडी कठडा. चाचा तिच्याकडे बघत होते, मीही.

थोड्या वेळानं टोपीवाली मुलगी आली. गल्लीत शिरली आणि जागच्या जागी थांबली. "हे कुणी केलं?"

"आम्हीच," हे म्हणाले. "तुम्ही खूण केली होती ना, म्हटलं तुम्हाला त्रास नको."

तिनं कपाळाला हात लावला. "काका, लाल फुली दुकान पाडण्यासाठी नव्हती. ती जुन्या बांधकामाची खूण. आत काहीतरी असावं अशी शंका होती, म्हणून त्या इमारती राखायच्या यादीत घेतल्या. परवानगी काढून, तज्ज्ञ बोलावून, पुढच्या वर्षी हळूच उघडून बघणार होतो."

आधी कासार हसायला लागला, मग चाचा, मग सगळी गल्ली. रात्रभर उरी फुटलेले लोक पोट धरून हसत होते. मी म्हटलं, "बाई, मग आम्ही तुझं वर्ष वाचवलं. लाल रंग तेवढा बदल, आमच्याकडे तो चालत नाही." तीही हसली. पण तिचे हात केव्हाच दगडावर गेले होते. कमानीखाली वाकून, ओट्यावर गुडघे टेकून, ती बोटांनी सांधे चाचपत राहिली, कपड्यांची पर्वा न करता. म्हणाली, हा ओटा दुकानांच्या आधीचा दिसतो, दुकानं मागून त्याच्यावर बसलीत. मला ती पोरगी तेव्हाच आवडली.

ओटा मात्र आराखड्यात नव्हता. हे तिनंच सांगितलं, मान खाली घालून. दुकानं राहणार होती, पण ओटे काढून तिथं पायवाट होणार होती आणि बसायला लोखंडी बाक. कमानी सापडल्या ते ठीक, ओट्याचं कागदावर काहीच नाही. मुलगा तिथंच उभा होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ आई. दुकान वाचलं, बस्ता नाय वाचला. ओटा गेल्यावर लोकांना बसवणार कुठं, तुझ्या डोक्यावर?" बोलला तिरकं, पण बरोबर बोलला. ओट्याशिवाय आमचं दुकान म्हणजे साड्यांची कोठी. तसं दुकान पडेगावला काय आणि इथं काय.

मी त्या मुलीला म्हटलं, हरकत लिहून द्यायची तर देते, पण कागदावर ओटा कसा समजणार? ती थोडा विचार करून म्हणाली, "काकू, बाक नमुना म्हणून इथं लावणारच आहेत. साहेब बघायला येतील. कधी आणू त्यांना?"

"बस्ता असेल त्या दिवशी आण," मी म्हटलं.

बाक आला. चांगला होता, उगाच नावं कशाला ठेवू. चकचकीत, मजबूत, आणि प्रत्येक माणसाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी हात, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. साहेब ज्या दिवशी आले त्या दिवशी आमच्याकडे पैठण रस्त्याकडचा एक बस्ता बसला होता. मी कुणाला काही शिकवलं नव्हतं, शपथ. शिकवून बस्ता बसत नाही.

साहेब कागद घेऊन उभे, मुलगी शेजारी, चाचा कठड्याला टेकून. आत नवरदेवाच्या आईला आणि आत्याला सारख्याच किमतीचं लुगडं काढलं, आणि आत्या रुसली. थोरली होती, तिचा मान जास्त. ती ताडकन उठली, बाहेर आली आणि समोर नवा बाक दिसला म्हणून त्याच्यावर जाऊन बसली. तोंड तिकडं. पाठोपाठ भाऊजय, म्हणजे नवरदेवाची आईच, आली समजूत घालायला. शेजारी बसायला गेली तर मध्ये लोखंडी हात. इकडून बसून बघितलं, तिकडून बसून बघितलं, वाकून बोलायला गेली तर कानापर्यंत तोंड पोचेना. आत्या म्हणाली, "राहू दे बाई, तुला माझ्याजवळ बसावंबी वाटंना." आता रुसण्याचं भांडण व्हायला लागलं. भाऊजय रडकुंडीला आली. "अवो वन्सं, ह्या लोखंडाला काय करू मी?"

मी ओट्यावरून म्हटलं, "मावशी, इकडं या. दगड गार आहे."

आत्या उठली, ओट्यावर आली, पाठ फिरवून बसली. भाऊजय आली, गुडघ्याला गुडघा लावून बसली. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी चहा पाठवला. कप रिकामे व्हायच्या आत दोघी हात धरून आत आल्या, आणि आत्यानं स्वतःच्या हातानं भाऊजयीला वेगळा काठ निवडून दिला. तोवर पोरांनी बाकावर कापडाची गाठोडी रचून टाकली होती. गाठोड्यांना तो फार सोयीचा निघाला. साहेबांना बसायला जागाच नव्हती, म्हणून तेही ओट्यावर टेकले आणि यांनी त्यांच्या हातात चहा दिला.

साहेबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "माझ्या लग्नात माझी मावशी रुसली होती. अशाच एका ओट्यावर. माझे वडील गेले होते तिची समजूत काढायला." एवढं बोलून त्यांनी मुलीकडे बघितलं. तिनं कागदावर काहीतरी खूण केली. या वेळी पेन निळं होतं, ते मी आधी बघून घेतलं.

आराखडा मंजुरीला आला त्या दिवशी गल्लीतली बरीच दुकानं दुपारपर्यंत बंद होती. आम्ही सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसलो. बोलायची परवानगी नव्हती, ही शिक्षा माझ्यासाठी पुरेशी होती. हे माझ्या एका बाजूला, चाचा दुसऱ्या बाजूला. खाली कोण काय बोलत होतं, कोण कुणाला अडवत होतं, मला अर्धं कळलं नाही. पाणी, गटार, वाहनतळ, दिवे, सगळं झालं. मग वाचणाऱ्यानं एकसुरी आवाजात वाचलं की जुन्या कमानी आहेत तशा दुरुस्त करण्यात येतील, त्यांवर नव्या खोट्या कमानी बसवण्यात येणार नाहीत, आणि गल्लीतला सलग दगडी ओटा मूळ स्वरूपात राखण्यात येईल. सकाळच्या वेळी लग्नखरेदीच्या गाड्यांना माणसं उतरवण्यापुरती मुभा राहील. बाकं वळणावरच्या मोकळ्या जागेत. मंजूर. खाली बाकं वाजली, म्हणजे सदस्यांनी हातानं वाजवली.

मी टाळ्या वाजवल्या. शिपाई म्हणाला, इथं टाळ्या वाजवायच्या नसतात. मी म्हटलं, मग कुठं वाजवू, पडेगावला? आणि पुन्हा वाजवल्या. चाचा उभे राहून वाजवायला लागले. हे उभे राहिले, आणि शिपायानं यांच्याकडे बघून डोळे वटारले तरी खाली बसले नाहीत. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे मी यांच्यासमोर सांगू शकते.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "भाभी, सुने ना? सलग बोले. मतलब वो कठडा नक्को." मी म्हटलं, मी काढते. ते म्हणाले, मैं निकालता. मी म्हटलं, आमच्या बाजूनं आहे. ते म्हणाले, हमारे बाजू से. तो काढण्यावरूनही आमचं भांडण झालं असतं, पण आम्ही भांडत दुकानापाशी येईपर्यंत हे पुढे जाऊन पहार घेऊन खाली बसलेही होते. शिळेत दोन भोकं राहिली. अजून आहेत. दोन्ही दुकानांची पोरं त्यात पाणी भरतात आणि आता मी ओरडत नाही. कमी ओरडते.

मग कामं झाली. रस्ता उकरला, पाइप टाकले, धूळ इतकी की महिनाभर पांढरी साडी बाहेर काढता आली नाही. बाजारात अशा वेळी लोक जितकं कुरकुरतात तितके आम्ही कुरकुरलो. पण गाड्या बंद झाल्या आणि पहिल्यांदा गल्लीत माणसांचा आवाज ऐकू आला. बायका लेकरांचा हात न धरता त्यांना मोकळं सोडून चालू लागल्या. बंद शटरं एकेक करून वर गेली. कॉलेजची पोरं कमानीखाली फोटो काढतात, आणि ज्या बस्त्यांनी शोरूमची वाट धरली होती ते परत येऊ लागले. एक म्हातारी मला म्हणाली, "तिथं समदं झकपक हाय बाई, पर टेकायला जागा नाय." मी तिला ओट्यावर बसवून दोन कप चहा पाजला.

मुलगा आपला शब्द पाळून गप्प होता. पडेगावच्या गाळ्याचं नाव त्यानं परत काढलं नाही, पण दुकानात येऊन बसतही नव्हता. कंपनीतून यायचा, मोटारसायकल वाहनतळाला लावायचा, चालत गल्लीतून यायचा, मला हाक मारून घरी जायचा. मी म्हटलं, बस झालं एवढं. सगळंच काही एका आराखड्यानं मंजूर होत नाही.

या हिवाळ्यात त्याचं लग्न ठरलं. मुलगी बिडकीनकडची, माझ्याच माहेरच्या बाजूची. बस्ता कुठं करायचा हा प्रश्नच नव्हता. आमच्या बाजारात कापडवाल्यानं आपल्या घरचा बस्ता आपल्या दुकानात बांधायचा नसतो, कारण विकणाऱ्यानंच विकत घेतलं तर रुसायचं कुणावर. बस्ता चाचांकडे बसला. चाचांनी गादीवर नवी पांढरी चादर घातली होती आणि मला पाहुण्यांसारखं "आइए" म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या दुकानात आत पाऊल ठेवलं. माझी मंडळी, तिची मंडळी, चाचांची मंडळी, दोन्ही दुकानांपुढच्या ओट्यावर पसरली. कोण कुणाच्या बाजूला बसलंय ते कुणी बघत नव्हतं.

दुपारी शालू निवडताना माझा पारा चढला. मी सांगितलेला गर्द जांभळा बाजूला पडला आणि व्याह्यांच्या लेकीबाळींनी फिकट गुलाबी धरला. मी वरमाय, मी आयुष्यभर शालू विकलेली बाई, आणि मला कुणी विचारेना. हे म्हणाले, गुलाबीच चांगला आहे. मी उठले. बाहेर आले, आमच्या दुकानापुढे ओट्यावर जाऊन बसले आणि पाठ फिरवली. दुसऱ्यांचे रुसवेफुगवे इतके बघितले होते, पण स्वतः कधी रुसून बसले नव्हते. दगड खरंच गार असतो.

मुलगा आला. शेजारी टेकला, गुडघ्याला गुडघा लावला. नवरीची आजी पलीकडे बसून धपाटा खात होती. तिला कमी ऐकू येतं. तिनं वर मान करून कमान बघितली, आमचं उघडं दुकान बघितलं, आतले तागे बघितले आणि मोठ्यानं विचारलं, "पोरा, हे कुणाचं दुकान व्हय?"

"आमचं हाय, आजी," तो म्हणाला.

तिला ऐकू गेलं नाही. तिनं कानाला हात लावला. तो उठून उभा राहिला आणि माझ्यासारख्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचं. आमचं दुकान हाय."

मी डोळे पुसले आणि आत जाऊन गुलाबी शालूला हो म्हटलं.